निरोगी रकाना

सिद्धू, मी हैदराबादला निघाले तेव्हा नांदेडच्या फलाटावर बाबा खिडकीची दांडी धरून गाडीबरोबर चालू लागले. चार पावलांतच त्यांचा तोल गेला आणि ते चहाच्या गाड्यावर आदळले. "सकाळीच लावून आलंय म्हातारं," कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. तू दहावीत होतास, त्या माणसाच्या अंगावर धावून गेलास. आई तेवढं म्हणाली, "खाली बघून चाला हो." मी जय भीम करायचंही विसरले. मला त्यांची लाज वाटली होती. आज पहिल्यांदा लिहून टाकते.

पंचशील घेतल्यापासून ज्या माणसानं थेंबाला हात लावला नाही, त्याला गावानं दारुडा ठरवलं. आपलं सगळं बळ एकच वाक्य म्हणण्यात गेलं, की बाबा पीत नाहीत. पुढे त्यांची जीभ जड झाली, घास तोंडाशी नेता येईना, तरी आपण तेच म्हणत राहिलो. आजोबाही असेच चालायचे, म्हणून आई त्याला 'घराण्याची चाल' म्हणायची. आजार हा शब्द कुणी काढलाच नाही. बाबा गेले तेही अशक्तपणानंच, असं आपण पाहुण्यांना सांगितलं.

दिलसुखनगरच्या हॉस्टेलातून मी आता मलकपेठच्या दोन खोल्यांत आलेय. इथल्या बोलीतले 'हौ' आणि 'नक्को' तोंडात इतके बसलेत, की आई म्हणते, येताना ते तिकडेच ठेवून ये. आमच्या लॅबमध्ये नसांचे आजार असलेल्यांच्या रक्तातला डीएनए मशीन वाचतं. मग कॉम्प्युटरला सांगत जायचं, हा आजारी, हा निरोगी. असे पुष्कळ दाखवले की फरक त्याचा तोच शिकतो. पेशंट मला कधी दिसत नाहीत, फक्त त्यांचे नंबर दिसतात. दिसले असते तर ती चाल मी लांबूनच ओळखली असती.

तुलनेला लागणारं निरोग्यांचं रक्त, म्हणजे आमच्या भाषेत 'कंट्रोल', नेहमी कमी पडतं, म्हणून आम्ही लॅबवालेच देतो. रक्त घेणारी फरहीन म्हणाली, "मॅडम, कंट्रोल कम पड़ रै. हाथ देव." फॉर्मवर प्रश्न होता, घरात कुणाला नसांचा आजार आहे का? मी 'नाही'वर खूण केली. सवयच ती.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटरनं निरोगी रकान्यातला एक नंबर उचलून आजाऱ्यांत टाकला. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, काढून टाक, असं सर म्हणाले. मी यादी उघडली. नंबर माझा होता. फरहीनला पुन्हा हात दिला, वेगळ्या पद्धतीनं तपासून घेतलं, तरी तेच आलं: बाबांच्या चालीचा आजार, नावासकट. तो माझ्यात कधी सुरू होईल, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा खालच्या मजल्यावर पेशंट बघायला गेले. एक माणूस भिंत धरून येत होता आणि त्याची बायको न विचारताच सांगत होती, "तागडु मॅडम, आयन तागडु." पीत नाही हो, ते पीत नाहीत.

काल आई फोनवर हसत म्हणाली, "स्वतःच्या लग्नाच्या घाईत सिद्धू उंबऱ्याला अडखळतोय बघ." मला हसू आलं नाही. सिद्धू, बाबांकडून हे तुला आलं असण्याची आणि नसण्याची शक्यता सारखीच आहे. तपासायचं की नाही ते तू ठरव. पण त्या मुलीला बाबांचं खरं काय ते लग्नाआधी सांग.

इतकी वर्षं मला वाटायचं, घर नांदेडला राहिलं. ते तर माझ्यासोबतच गाडीत चढलं होतं. तू एकदा ये. नामपल्लीला मी फलाटावर असेन. तू उतरलास की तुझ्या पावलांकडे बघेन, लपवणार नाही. तूही माझ्या बघ. कुणाचा तोल गेला, तर दुसऱ्यानं धरायचं. आणि कुणी हसलंच, तर या वेळी आजाराचं नाव सांगायचं.