कुरोड्या पाहून घेतलेलं घर

डॉक्टर म्हणाले, जागा बदला.

आम्ही अकोल्यात एका दालमिलच्या मागच्या भिंतीला लागून राहत होतो. माझा नवरा त्याच मिलमध्ये चाळणीवर कामाला होता. दिवसभर तुरीची धूळ आत खायची आणि संध्याकाळी घरी येऊन तीच धूळ बाहेर खायची, असं त्याने सारं आयुष्य काढलं. काम सुटलं तेव्हा खोकला सुटला नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि म्हणाले, "काका, औषध चालू ठेवा, पण जिथं हवा चांगली आहे तिथं राहायला जा." हवा चांगली कुठं आहे, ते चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. मी विचारलंही. ते हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मुलगा बडनेऱ्याला रेल्वेत आहे. तो म्हणाला, अकोल्याचं घर विका, इकडेच या, सगळे मिळून मोठं घर घेऊ. सून शाळेत शिकवते. तिला सुट्टी नव्हती. तिने सांगून टाकलं, आई पसंत करतील ते घर मला चालेल. म्हणून चैत्रात आम्ही तिघं घरं पाहायला निघालो, मी, मुलगा आणि बुढा, म्हणजे माझा नवरा.

मी चौथी शिकलेली बाई आहे. हवा मोजायचं यंत्र मला माहीत नाही, पण धूळ मला ओळखता येते. अकोल्यात मी कुरोड्या घालणं सोडून दिलं होतं. गव्हाचा चीक शिजवायचा, सोऱ्यातून पांढऱ्या कुरोड्या धोतरावर पाडायच्या, आणि दुपारपर्यंत त्यांच्यावर तुरीची फोलपटं येऊन बसायची. तळून खाल्ल्या की दाताखाली कचकच. तीन उन्हाळे मी वरून पातळ लुगडं टाकून पाहिलं. मग माझ्या बहिणीकडून आणायला लागले. तेव्हापासून माझा हिशेब साधा होता. ज्या गच्च्यांवर बाया उघड्यावर कुरोड्या घालतात, तिथली हवा बरी. उन्हाळ्यात गच्ची रिकामी असेल तर तिथं काहीतरी आहे. बाया उगीच गच्ची रिकामी ठेवत नाहीत.

पहिलं घर अमरावतीत राजापेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं. खाली ट्यूशनची पोरं गाड्या बंद न करता गप्पा मारत उभी होती. घरमालकीण म्हणाली, "काकू, खिडकी बंद ठेवली की काहीच आत येत नाही."

"मंग खिडकी काहून ठेवली?" मी म्हटलं.

मुलाने मला जिन्याकडे ओढलं. दुसरं घर वीटभट्ट्यांच्या बाजूला होतं. तिथं ऑटोतून उतरायचीही गरज पडली नाही.

तिसरं बडनेऱ्याकडे, शेतं मोडून पाडलेल्या एका लेआउटमध्ये. तिथं मी आधी घर पाहिलंच नाही. मान वर करून गच्च्या पाहिल्या. एका रांगेत पाच गच्च्या, पाचही पांढऱ्या. कुठं कुरोड्या, कुठं पापड, कुठं खाटेवर शेवया. शेजारच्या गच्चीवर एक मुसलमान बाई कावळे हाकलत बसली होती. मी सरळ तिच्या जिन्याने वर गेले.

"भाभी, ह्या इथंच वाळवल्या काय?"

"हो चाची, इथंच. आन कुठी वाळवू?"

"झाकत नाही?"

"कायले? कावळ्याचं भेव, तेवढंच."

मी एक कुरोडी उचलली आणि कच्चीच चावली. ती बाई हसायला लागली. "या बसा ना चाची, तळून देतो. कच्ची काहून खाता?"

कचकच नव्हती. मी दुसरी चावली. तीही साफ.

खाली मुलगा मोबाइलवर हवा चांगली की वाईट ते पाहत उभा होता. "आई, हे पाय. हवा हिरवी दाखवून राह्यला."

"कोणत्या जागेची?"

"अमरावतीची."

"अमरावती म्हणजे ही गच्ची की राजापेठ?"

"दोन्हीले एकच दाखवते तो."

"मंग काय कामाचा?"

"पण हिरवा त हाय ना!" तो म्हणाला. बुढा हसला आणि हसता हसता खोकला.

घरापासून दोन शेतं सोडून टिनाचं एक लांब शेड होतं. गेटला कुलूप, आवारात बेशरमाची झुडपं वाढलेली. तो कापसाचा जिन आहे, हे मला लांबूनच कळलं. न कळायला मी काही पुण्याहून आले नव्हते. पण आमच्या वऱ्हाडात बंद पडलेले जिन इतके आहेत की कुलूप दिसलं की तो मेला, असं आम्ही धरून चालतो. मी विचारलं नाही. बुढ्याने विचारलं नाही. मुलाने विचारलं नाही. घर विकणाऱ्याने आपण होऊन सांगितलं नाही. सरकी काढायचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि होळीच्या आगेमागे संपतं, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. मलाही माहीत होतं. चैत्रात प्रत्येकच जिनला कुलूप असतं.

मी म्हटलं, हेच घर.

पाच-सहा महिने बरे गेले. बुढा सकाळी देवळापर्यंत जायचा आणि मध्ये न बसता परत यायचा. पंप कपाटात ठेवायला लागला. भाजीत मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी भांडायला लागला. अकोल्यात शेवटी शेवटी त्याला भांडायला दम पुरत नव्हता, त्यामुळे मला भांडणाचं काही वाईट वाटलं नाही. मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, घर आमच्या आईने निवडलं. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

दिवाळीच्या नंतर एका सकाळी आम्ही अंगणात चहा घेत होतो. कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर गेला. मग दुसरा. मग गाड्यांची रांग लागली. बुढ्याने कप खाली ठेवला.

"जिन सुरू झाला वं."

"कोणता जिन?"

"तो काय." त्याने बोट केलं. झुडपं कापून झाली होती आणि गेट उघडं होतं.

दुपारपासून घरघर सुरू झाली. दोन दिवसांनी तुळशीवर, माठाच्या फडक्यावर, दारावरच्या जाळीवर बारीक पांढरे तंतू बसायला लागले. दिसतं ते झाडता येतं. मी दिवसातून चार वेळा झाडायची. जे दिसत नाही ते बुढ्याच्या छातीत जात होतं. थंडीत वारा त्याच बाजूने यायचा, आणि सकाळी धूळ उठून जायच्या ऐवजी घरावरच बसून राहायची. आठव्या दिवशी त्याने कपाटातून पंप काढला. पंधराव्या दिवशी तो देवळाच्या अर्ध्या वाटेवरून परत आला आणि मला म्हणाला, गुडघा दुखते. गुडघा दुखत नव्हता.

मी शेजारणीकडे भांडायला गेले.

"भाभी, तुम्ही सांगतलं काहून नाही?"

"काय नाही सांगतलं?"

"का जिन चालू रायते म्हणून."

"तुम्ही पुसलंच कुठी, चाची? तुम्ही वाळवणाचं पुसलं. वाळवणात जिन बंदच रायते. मी खोटं बोलली काय?"

खोटं बोलली नव्हती. तिच्या नवऱ्याचं गाद्या-रजया भरायचं दुकान. ती म्हणाली, "आमच्या घरात बी रुई, भायेर बी रुई. तुमच्या चाचाचं असं हाय, हे मले मालूम असतं त मी बोलली असती ना. तुम्ही तवा त्याइचं नावबी नाही काढलं." मी खरंच काढलं नव्हतं. आजारी माणूस आहे म्हटलं की लोक घराचा भाव वाढवतात, असं मुलाने बजावून ठेवलं होतं. भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले.

मुलाने जिनच्या धुळीबद्दल प्रदूषण खात्याकडे अर्ज केला. आम्ही दोघं कार्यालयात गेलो. मी प्लास्टिकच्या पिशवीत जाळीवरचा कचरा भरून नेला होता. तिथला साहेब बोलायला चांगला होता. त्याने पिशवी हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. म्हणाला, "मावशी, जिन जुना आहे. लेआउट नंतर पडला. जिन तुमच्या घरी नाही आला, तुम्ही त्याच्याजवळ राहायला गेल्या." मुलगा आवाज चढवून बोलायला लागला, तर साहेबाने आपला मोबाइल पुढे केला. त्याच्यातही हवा हिरवी होती. यंत्र कुठं लावलं आहे, मी विचारलं. शहरात आहे, म्हणाला. आमच्याकडे का नाही? त्याचं उत्तर वरच्या कार्यालयात होतं.

मग मी एकटी जिनवर गेले. मालकाला तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. गेटच्या आत ढिगाजवळ बाया कापसातला कचरा वेचत बसल्या होत्या, नाकातोंडावर पदर बांधून. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्यातली एक माझ्याच वयाची असेल.

"कोणाकडं आल्या बाई?"

"कोणाकडं नाही."

"काम पायजे काय? आता घेऊन राहिले. मुकडदमाले बलावू?"

मी नको म्हटलं. जिन बंद करा, हे वाक्य मी घरून पाठ करून आणलं होतं. तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. तशीच घरी आले. मुलाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मालक नव्हता.

पौषात बुढा आठ दिवस दवाखान्यात होता, नाकाला नळी लावून. इथले डॉक्टर वेगळे, वयाने तरुण. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, जागा बदला. मला हसू आलं. सून माझ्याकडे पाहत राहिली.

जागा बदलायची म्हणजे कुठं? अकोल्याचं घर राहिलं नव्हतं. मुलगा कामावरून आला की मोबाइलवर घरं पाहायचा. त्याने डोकं चालवलं, की उंचावर धूळ कमी पोचते, तर वरच्या मजल्यावरचं घर पाहू. माघात आम्ही तिघं विद्यापीठाच्या बाजूला एक घर पाहायला गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बुढा म्हणाला, तुम्ही पाहून या, मी इथं पहिल्या पायरीवर बसतो.

वर मोकळा वारा होता. लांब डोंगर दिसत होता. मी चारही बाजूंनी फिरले. मागे कंपाउंड घातलेला एक रिकामा प्लॉट होता. त्याच्या गेटला कुलूप होतं.

"तिथं काय हाय?" मी मालकाला विचारलं.

"काही नाही, काकू. नुसता पडला आहे."

"पुढं काय होईन?"

"ते मी कसं सांगू?"

पुढचा रस्ता रुंद होता, आज त्यावर दोन सायकली होत्या. उद्या काय असेल, तेही त्याला माहीत नव्हतं. मी नाक वर करून वास घेतला. कशाचाच वास आला नाही. त्याचा अर्थ काय धरायचा, मला कळेना.

"बोल आई," मुलगा म्हणाला. "हो म्हणतं का नाही?"

"मले नाही समजत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही समजत. तूच ठरव."

"तुले नाही समजत त कोणाले समजते?" तो एकदम ओरडला. मालक खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मुलाचे डोळे भरले होते, म्हणून मी त्याला उलटून बोलले नाही. मागच्या वेळी मी किती झटकन हो म्हटलं होतं. आता हो म्हटलं आणि चुकलं तर बुढा जाईल. नाही म्हटलं तर पुढची दिवाळी येतेच आहे.

आम्ही खाली आलो. बुढा तिसऱ्या पायरीवर बसला होता. आम्ही वर असताना त्याने चढून पाहिलं होतं. दोन पायऱ्या चढून तिसरीवर बसला होता. पंप हातात, खांदे वरखाली होत होते.

"कसं हाय?" त्याने विचारलं.

"हवा बरी वाटते," मी म्हटलं. "पण तीन माळे हायेत. तुमच्यानं चढणं होईन काय?"

त्याने जिन्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं आणि हात वर केला, थांबा म्हणून. "दम घेऊ दे," तो म्हणाला, "मंग सांगतो."

मुलगा भिंतीला टेकला. मी पदर सावरून त्याच्या शेजारी उभी राहिले. आम्ही मायलेक थांबलो, त्याला दम यायची वाट पाहत.