सुईताईने डेटाबेसची कीड शोधली

रक्तपेढीत तिला सगळे सुईताई म्हणायचे. तिने कधी कुणाच्या दंडाला सुई लावली नाही, कॉम्प्युटरवर रक्ताच्या पिशव्यांची नोंद ठेवायची. पण बोलणं असं टोचायचं की नाव चिकटलं. शाळा नववीत सुटलेली. बाकीचं सगळं बघून, चुकून, धडपडून शिकली.

सात महिने तिचा डेटाबेस बिघडत होता. एका तक्त्यात पिशव्या, दुसऱ्यात रक्तदाते, दोन्ही पिशवीच्या नंबराने बांधलेले. नोंदी डिस्कवर पानापानांनी साठवलेल्या. मध्येच एखादी पिशवी शोधायला जावं, तर मशीन म्हणणार, हे पान वाचता येत नाही. इंजिनिअर यायचा, दुरुस्त करायचा, चहा पिऊन जायचा. पंधरा दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. शेवटी त्याने हात वर केले आणि रक्तपेढीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, की ऑपरेटरच काम चालू असताना मशीन बंद करत असणार. बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. कारण सापडलं नाही तर ताईची खुर्ची गेली, रवानगी सामानाच्या खोलीत.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, नको डोक्याला ताप, सोडून दे. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो गुपचूप भांडी घासायला उठला.

आतापर्यंत सगळे विचारायचे, पान तुटलेलं सापडलं कधी? ताईने उलटं विचारलं. ते पान लिहिलं कधी? मशीन तर काही सांगेना. पण प्रत्येक पिशवीची कागदी चिठ्ठी असते, तिच्यावर वेळ असते. तिने तुटलेल्या एकवीस नोंदींच्या चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. एकवीसच्या एकवीस चारच वेगवेगळ्या दुपारींच्या निघाल्या.

त्या दुपारी झालं काय होतं? रक्ताच्या फ्रिजवर एक गोल कागद फिरतो, त्यावर पेन आठवडाभर आतलं तापमान काढत राहतं. फ्रिजवाले काका ते कागद जिवापाड जपायचे. ताईने चार कागद मागितले. चारही दुपारी, नेमक्या त्याच वेळेला, रेघेला टेंगूळ.

"लाइट गेली होती," काका म्हणाले.

"पण माझं मशीन बॅटरीवर आहे ना?"

काका मान खाजवायला लागले. "अगं, जनरेटर लागेपर्यंत मी फ्रिजचा प्लग तुझ्याच बॅटरीवर लावतो. रक्त आधी, नाही का?"

ताईने चारही कागद गोळा केले आणि म्हणाली, "काका, तुम्ही रक्त वाचवलंत. आता मला वाचवा."

शुक्रवारी तिने जुन्या मशीनवर डेटाबेसची नक्कल चढवली. डिस्क तसलीच, सेटिंगही तेच. नोंदी धडाधड पडत असताना काकांनी रिकाम्या फ्रिजचा प्लग बॅटरीवर लावला. फ्रिज घुरघुरला, बॅटरीने क्षणभर मान टाकली, मशीन बंद पडून आपोआप चालू झालं. पान शाबूत. दुसऱ्यांदाही शाबूत. इंजिनिअर गालात हसला. तिसऱ्यांदा पान तुटलं आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

मग त्याने डिस्कचं सेटिंग उघडलं आणि कानापर्यंत लाल झाला. काम झटपट व्हावं म्हणून त्यानेच तिथल्या एका पर्यायापुढे खूण करून ठेवली होती. डिस्क "लिहिलं" म्हणायची तेव्हा निम्मं तिच्या तात्पुरत्या डोक्यातच असायचं. वीज गेली की तेवढं साफ.

त्याने ती खूण काढली. ताई म्हणाली, आता वीस वेळा करा. काकांनी वीस वेळा प्लग लावला. एक पान हललं नाही.

डॉक्टरीणबाईंनी फ्रिजसाठी वेगळी बॅटरी तिथल्या तिथे मंजूर केली. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी झाली. खुर्ची तुमचीच."

इंजिनिअर जिन्यात थांबून राहिला होता. त्याच्याकडच्या आणखी दोन रक्तपेढ्यांत हीच कीड होती.

"ताई, याल का माझ्याबरोबर बघायला?"

"येईन," ती म्हणाली. "पण गाडीत पुढे बसेन."