इशिदा साहेबांचे रिकामे हात

इशिदा साहेब आमच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षं भाड्याने राहिले, पण जिना उतरून आमच्या दारात रिकाम्या हातांनी म्हणून कधी आले नाहीत. पाण्याची मोटर चालू करा, एवढंच सांगायचं असलं तरी हातात दोन केळी असायची. किल्ली मागायला आले तर बिस्किटांचा पुडा, पेपर परत द्यायला आले तर पेपरावर चार पेरू. माझे वडील, अण्णा, शेवटी वैतागले. म्हणाले, "अहो साहेब, घरातल्या घरात कसला आहेर?" त्यावर साहेब कमरेत वाकून म्हणाले, "रिकामा हात जड होतो, अण्णा." हे वाक्य त्यांनी वरच्या खोलीत बरंच घोटून आणलेलं दिसत होतं.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका जपानी कारखान्यात ते इंजिनिअर होते. त्यांच्याबरोबर आलेले बाकीचे जपानी पुण्यात फ्लॅट घेऊन राहायचे आणि रोज गाडीने ये-जा करायचे. ह्यांना मात्र सुप्यातच राहायचं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून त्यांना मराठी शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. असा विद्यार्थी मला सबंध नोकरीत मिळाला नाही, आणि देव करो, पुन्हा मिळू नये. प्रत्येक गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न, "ह्याचं कारण?" उंबऱ्यावर बसायचं नाही, ह्याचं कारण? नव्या टेम्पोला लिंबू-मिरची, ह्याचं कारण? दोन उत्तरांनंतर माझा साठा संपायचा आणि मी चिडायचे. मग मुकाट्याने आईला विचारायला जायचे. माझ्याच घरातल्या निम्म्या गोष्टी मला अशा ह्या परक्या माणसामुळे कळल्या, हे कबूल करायला हवं.

अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. जिल्ह्यातला एकेक फाटा त्यांना तोंडपाठ. दर रविवारी साहेब त्यांना विचारून लाल गाडीत बसायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून कुठे गेलो, काय पाहिलं, सगळं अण्णांना सांगायचे. अण्णा त्यांच्या थांब्यांची नावं दुरुस्त करायचे. एकदा शेवगावच्या बाजारातून ते बैलाचा कासरा घेऊन आले. चांगला लांबलचक, नवाकोरा दोर. मी म्हटलं, "साहेब, बैल कुठंय?" तर म्हणाले, तो माणूस एक तास वळायची पद्धत दाखवत होता, त्याला नको कसं म्हणू? त्यांचे सोबती ताजमहाल बघून आले, तुम्ही का नाही गेलात, असं मी विचारलं, तेव्हा मात्र ते मोठ्याने हसले. "ताजमहाल सगळे बघतात, मॅडम. शेवगाव कोण बघतो?" तो कासरा अजून आमच्या गच्चीवर आहे. त्यावर आम्ही कपडे वाळत घालतो.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांचे वडील जपानमध्ये वारले. सकाळी भावाचा फोन आला. निघालात तरी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, असं भावानेच सांगितलं. साहेबांनी फोन ठेवला, शर्ट चढवला आणि ते कामावर गेले. आम्हाला चकार शब्द नाही. संध्याकाळी कंपनीच्या गाडीच्या ड्रायव्हरने अण्णांच्या कानावर घातलं, तेव्हा कुठे कळलं. मला रागच आला. एका छपराखाली राहायचं आणि एवढं दुःख एकट्याने गिळायचं, ही कुठली रीत?

आई तडक जिना चढली. मी मागोमाग. साहेब पाठमोरे उभे राहून भात टाकत होते. आईने हात पुढे करून त्यांचा गॅस बंद केला. ते दचकले, त्यांना वाटलं गॅस गळतोय. मग सवयीप्रमाणे हळूच म्हणाले, "ह्याचं कारण?"

"मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटवत न्हाईत," आई म्हणाली. "शेजारपाजारचे आणत्यात, ते खायाचं."

साहेबांनी तिला समजावायचा प्रयत्न केला. वडील तिकडे गेले, घर तिकडे आहे, इथे नुसती भाड्याची खोली, असं काहीबाही अडखळत म्हणाले. आईने पुरतं बोलूही दिलं नाही.

"ल्योक हितं हाय न्हवं? मग घर बी हितंच."

तिने खाली येऊन पिठलं-भाकरी केली. आमच्याकडे ह्याला कडू घास म्हणतात. शेजारच्या रशीदाभाभींनी डब्यातून खिचडी पाठवली, म्हणाल्या, आमच्यातही अशा घरी शेजारीच जेवण पुरवतात. साहेब आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला त्यांचा बांध फुटला. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते लहान मुलासारखे रडले. मी पाण्याचा तांब्या घेऊन खुळ्यासारखी उभी होते. ह्याला कडू का म्हणतात, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पोळा झाला आणि आठवड्याभरात अण्णा गेले. बसल्या जागी, चहाचा कप हातात असताना. साहेबांनी रजा टाकली, खांदा दिला, स्मशानात शेवटपर्यंत उभे राहिले. परत आल्यावर वर गेले आणि त्यांचं दार लागलं.

दुपारपासून घरात भाकरी यायला लागली. भावकीतून आली, शाळेतल्या बायकांनी आणली, रशीदाभाभी तर स्वतः टोपलं घेऊन आल्या. खोटं कशाला बोलू, त्या दुःखातही माझं एक लक्ष जिन्याकडे होतं. मोटरीच्या निरोपाला केळी आणणारा माणूस आज कुठे आहे? ज्या अण्णांनी ह्यांना सगळा जिल्हा फिरवला, त्यांच्या नावाने ह्यांच्याकडून एक बिस्किटाचा पुडाही येऊ नये? चुलतीने माझी नजर ओळखली. म्हणाली, "जाऊ दे गं, परदेशी माणूस. त्यास्नी काय ठावं." पण त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच माझा जीव जास्त जळत होता.

दिवेलागणीला साहेब खाली आले. आंघोळ केलेली, डोळे सुजलेले. दोन्ही हात रिकामे. बसलेली माणसं बाजूला सरकली, कुणीतरी खुर्ची पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. ते थेट आत गेले आणि आम्ही भावंडं भिंतीला टेकून बसलो होतो, त्या रांगेत माझ्या शेजारी जमिनीवर बसले.

आईने मान वर केली. "सकाळधरनं काय खाल्लं का न्हाई?"

"नाही," साहेब म्हणाले. "माझा पण गॅस बंद आहे."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. सकाळपासून ती रडली नव्हती, ती तेव्हा रडली. मग पदराने तोंड पुसून तिने टोपल्यातली भाकरी मोडली आणि पहिला घास, माझ्याही आधी, त्यांच्या रिकाम्या हातावर ठेवला. मला जरासुद्धा राग आला नाही.