रावणाच्या बेंबीवरचा फुगा

पूजेत मांडलेली बंदूक मी उचलली, तिच्या दुर्बिणीची घुंडी फिरवली आणि कुणालाही न सांगता ती पुन्हा पाटावर ठेवून दिली. ही चूक आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मामांविषयी लिहिताना मला हसू येणार आहे, आणि हसण्याच्या ओघात ती गिळून टाकायची सवय मला लागलेली आहे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. अख्ख्या इंदुरात पूर्णपणे सरळ अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे मामांची नजर, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे. बाकी इथले विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या, लग्नातले मांडव आणि माझा चष्मा हे सगळं थोडंफार तिरकं आहे, आणि ते तसं असल्याचं मामांनी ज्याचं त्याला कळवलेलंही आहे.

चष्म्याची गोष्ट आमच्या पहिल्या भेटीतलीच. मी मूळचा साताऱ्याचा. इंदुरालगतच्या राऊच्या एका कॉलेजात नोकरी लागली म्हणून इकडे आलो आणि इथल्याच मराठी घराचा जावई झालो. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीचे लोक माझं घरदार, पगारपाणी विचारत होते, आणि समोरच्या खुर्चीतले एक सडपातळ गृहस्थ एक डोळा मिटून माझ्याकडे रोखून बघत होते. मी हातातली पोह्यांची बशी तशीच धरून बसलो. एकाएकी ते उठले, माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, त्याची एक दांडी वाकवली, परत माझ्या नाकावर चढवला आणि खिशातून बोटाएवढी पाणसळ काढून त्या चष्म्यावर आडवी ठेवली. गवंडी भिंतीवर ठेवतात तसली, आत हवेचा बुडबुडा असलेली. बुडबुडा मधोमध येईपर्यंत मला मान हलवायला बंदी होती. "हां, आता बरोबर," ते इंदुरी थाटात म्हणाले. "आजवर टेढी दुनिया बघून राहिले होते तुम्ही, भिया." मला इतका धक्का बसला होता की मुलगी नेमकी कशी होती हे मी नंतर आईला सांगू शकलो नाही.

मामांचं आयुष्य बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेलं. त्यांचे पूर्वज संस्थानच्या शिलेखान्यात तोफा-बंदुका सांभाळायचे. त्यातलं मामांच्या वाट्याला काही आलं नाही, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी परवाना न लागणारी, छर्ऱ्याची एअर रायफल घेतली आणि तिच्यावर बसवायला एक दुर्बीण. रायफल विशेष नव्हती. मामांचा जीव होता तो त्या दुर्बिणीत, आतल्या त्या बारीक काळ्या फुलीत. मुंगीवरसुद्धा त्यांनी कधी नेम धरला नाही. त्यांना काही मारायचं नव्हतंच, त्यांना फक्त फुली आणि छर्रा यांची गाठ घालून द्यायची होती.

दुर्बीण बसवण्याचा कार्यक्रम म्हणजे घरातलं एक मंगलकार्य. त्या दिवशी मिक्सर बंद, पंखा बंद, मोठ्यानं बोलणं बंद. अंगणातल्या पेरूच्या फांदीला दोरा बांधून त्याला खाली लिंबू लटकवायचं. हा मामांचा ओळंबा. दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोऱ्याशी तंतोतंत जुळली की मगच दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या आवळायच्या, नाहीतर जवळचा नेम लागतो आणि लांबचा बाजूला जातो. शेजारच्या गुप्ताइनबाईंना वाटायचं की मामांना कुणाची तरी नजर लागलीय. एकदा त्यांनी भलेपणानं लिंबाखाली सात मिरच्या ओवल्या. मामांनी मिरच्या तशाच राहू दिल्या. वजन वाढल्यानं दोरा कमी हलतो, म्हणाले. मग कड्यांचे स्क्रू. एक इकडचा पाव फेरा, मग त्याच्या तिरक्या समोरचा पाव फेरा, श्वास रोखून. मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायच्या, "माझं मंगळसूत्र बांधताना एवढं लक्ष असतं तर ते मांडवातच सुटलं नसतं."

नेम जुळवायला आम्ही राऊच्या पुढे त्यांच्या एका मित्राच्या शेतावर जायचो. मातीच्या बांधाला कागद, कागदावर ठिपका. मामा पोत्यावर रायफल टेकवून तीन छर्रे मारायचे आणि मला कागद आणायला पाठवायचे. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिन्ही भोकं ठिपक्यापासून चांगली चार बोटं लांब होती. मी दुःखी चेहऱ्यानं कागद पुढे केला, तर मामा खूश! "अरे वा, तिघं एकमेकांना चिकटून बसलेत. हात पक्का आहे, बस फुलीला समजावायचं बाकी." मग वरच्या आणि बाजूच्या घुंडीवरची टोपणं काढून, टक टक असे आवाज मोजत त्यांनी त्या फिरवल्या आणि पुढचे तीन ठिपक्यात. मी विचारलं, पहिला छर्रा चुकला तेव्हाच घुंडी का नाही फिरवली? तर मामा गंभीर झाले. "एका छर्र्यावरून कधी घुंडी फिरवायची नाही, जावईबापू. तीन विखुरले तर हात बिघडला. तीन एकत्र, पण भलतीकडे, तर दुर्बीण बिघडली. हात आणि दुर्बीण यात फरक नाही कळला, तर माणूस उगाच स्वतःला शिव्या देतो."

हात या शब्दावर त्यांचा आवाज जरा उतरायचा, हे मला तेव्हा जाणवलं नाही. रोज सकाळी ते काठोकाठ भरलेला चहाचा कप स्वयंपाकघरातून व्हरांड्यापर्यंत स्वतः आणत, बशीत थेंब न सांडता. थेंब पडलाच नाही तर मामींना तसं ओरडून सांगत. मला ती गंमतच वाटायची. मामींनी एकदा हळूच सांगितलं की मामांच्या थोरल्या भावाला कंपवात झाला होता. शेवटी शेवटी कप धरवत नव्हता, आणि पहिली खूण चहा सांडण्याचीच होती. "हे रोज स्वतःची परीक्षा घेतात," मामी म्हणाल्या. "पास झाले की मग दिवस सुरू."

आणि वर्षातली मोठी परीक्षा दसऱ्याला. कॉलनीच्या मैदानात दोन माणसांच्या उंचीचा रावण उभा राहतो. रावणाचं अमृत त्याच्या बेंबीत होतं, म्हणून मामांनीच एक प्रथा सुरू केली. बेंबीवर गुलालानं भरलेला एक लहान फुगा बांधायचा, मामांनी तो आपल्या घराच्या गच्चीवरून एका छर्र्यात फोडायचा, गुलाल उडाला की मगच रावण पेटवायचा. रावणामागे वाळूच्या गोण्यांची भिंत, सगळी कॉलनी दोरीच्या अलीकडे, आणि दोरी सांभाळायला मी. फुगा फुटला की सगळे "मामाजी की जय" म्हणून ओरडत आणि मामा गच्चीवरून एखाद्या संस्थानिकासारखा हात हलवत. त्या हात हलवण्यासाठी ते वर्षभर जगत, असं म्हटलं तर मी फारसं वाढवून सांगत नाही.

नेम अष्टमीलाच जुळवून घ्यायचा. नवमीला रायफल शस्त्रपूजेत पाटावर बसते, हळदकुंकू, झेंडू वाहतात, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी पहिला छर्रा मारीपर्यंत तिला मामासुद्धा हात लावत नाहीत. पूजेतल्या शस्त्राची परीक्षा घ्यायची नसते, असं त्यांच्या घरी मानतात.

त्या नवमीला दुपारी पुरण खाऊन घर झोपलं होतं. मी एकटा देवघरापाशी बसलो होतो. खिडकीतून मैदानात अर्धा उभा राहिलेला रावण दिसत होता आणि मला त्याचा चेहरा जवळून बघावासा वाटला. माझं वय पन्नाशीला टेकलेलं आहे, मी मुलांना शिकवतो, हे सगळं त्या क्षणी मला आठवलं नाही. मी झेंडूची फुलं बाजूला केली, रायफल रिकामी आहे हे पाहिलं, उचलली. दुर्बिणीत सगळं धूसर. ती मामांच्या डोळ्याला बेतलेली होती हे मला कळायला हवं होतं. मी टोपण काढून वरची घुंडी फिरवली, लहानपणी रेडिओचं स्टेशन लावायचो तशी. टक टक टक टक. रावण धूसरच. बाजूची फिरवली. तेवढ्यात मामींच्या बांगड्या वाजल्या. मी टोपणं लावली, रायफल ठेवली, फुलं होती तशी वाहिली आणि वर हातही जोडले.

दसऱ्याला मामांनी पहिला छर्रा मारला. फुगा तसाच. लोक हसले, मामाही हसले. दुसरा. फुगा तसाच. मैदानात असं काही शांत झालं की तिसऱ्या छर्र्याचा फट् आवाज मला अजून ऐकू येतो. फुगा रावणाच्या पोटावर नव्या नवरीच्या कुंकवासारखा शाबूत होता. मग कुणीतरी ओरडलं, "भिया, मामाजी ने तो रावण को जमानत दिला दी!" आणि मैदान हसून लोटपोट झालं. गच्चीवर मामा रायफल खाली ठेवून आपल्या उजव्या हाताकडे बघत उभे होते. हात त्यांनी हलवला नाही.

मी दोरी सोडून रावणाजवळ गेलो. कुणी सांगितलं नव्हतं, पण पाय गेले. बेंबीपासून वीतभर वर, जरा उजवीकडे, चमकीच्या कागदात तीन भोकं होती. एकमेकांना चिकटलेली. चमकीच्या झगमगाटात लांबून ती कुणालाच दिसली नव्हती, दुर्बिणीतून मामांनाही नाही, आणि त्यांचा अर्थ वाचता येणारे त्या मैदानात आम्ही दोघंच होतो. मी वर बघून ओरडलो असतो तरी पुरलं असतं. मागून कुणीतरी म्हणालं, "हटो सर, जलाना है," आणि मी हटलो. माझ्या डोळ्यांदेखत ती तीन भोकं जळाली.

त्यानंतर मामांनी कपात अर्धाच चहा घ्यायला सुरुवात केली. तोही मामींनी आणून द्यायचा आणि त्यांनी दोन्ही हातांनी धरायचा. स्कूटर चालवणं बंद. शेतावर जाऊन तीन छर्रे मारून बघितले असते तर उलगडा झाला असता, पण ते गेले नाहीत. मामी म्हणाल्या, "त्यांना बघायचंच नाहीये. बघितलं आणि खरं निघालं तर?" डॉक्टरचं नाव काढलं की उठून जात. मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज घरी येऊन जेवायचो.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही फराळाला गेलो. व्हरांड्यात आकाशकंदील एका बाजूला कललेला होता, इतका की माझ्यासारख्यालाही दिसावा. मामा त्याच्या खालीच बसले होते आणि त्यांनी वर पाहिलं नव्हतं. मला त्या कंदिलाची भीती वाटली. फराळ झाल्यावर मामांनी आतून रायफल आणली, जुन्या धोतरात नीट गुंडाळलेली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. वर ती छोटी पाणसळ. "ही तुम्ही ठेवा जावईबापू. अब अपने से नहीं होगा. हिला समजणारे घरात तुम्हीच एक आहात."

"मामा," मी म्हणालो, "नवमीला मी ही उचलली होती."

मामा पुढे झुकले. "पूजेतली?"

"पूजेतली. दोन्ही घुंड्या फिरवल्या. धूसर दिसत होतं म्हणून."

"धूसर दिसतं म्हणून घुंडी?" त्यांचा आवाज चढला. मामी दारात आल्या, माझी बायकोही. "अरे, गाय दूध देत नाही म्हणून शेपूट पिळतात का? किती क्लिक?"

"मोजले नाहीत."

"मोजले नाहीत!" हा धक्का त्यांना पहिल्यापेक्षा मोठा बसलेला दिसला. "कुणीकडे?"

"ठाऊक नाही. पण छर्रे कुठे लागले ते ठाऊक आहे. मी जाळायच्या आधी जवळ जाऊन बघितलं होतं. वीतभर वर, थोडे उजवीकडे. तिन्ही एकत्र. करंगळीच्या नखाखाली झाकले जातील असे."

"तिन्ही?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही."

त्यांनी मामींना कप भरून आणायला सांगितला. काठोकाठ. मामी तो ओट्यावरच ठेवून बाजूला झाल्या. मामा आत गेले आणि एका हातात बशी धरून, आमच्या सगळ्यांच्या मधून, व्हरांड्यापर्यंत आले. खाली बसता बसता एक थेंब बशीत पडला. आम्ही सगळ्यांनी पाहिला, त्यांनीही पाहिला. वय तर झालंच आहे त्यांचं. मग त्यांनी एक डोळा मिटून वर पाहिलं आणि म्हणाले, "हा कंदील कुणी लावलाय रे? सरळ करा आधी."

मी स्टुलावर चढलो. कंदील सरळ करायला दोन्ही हात वर गेलेले होते, पाठ त्यांच्याकडे होती, आणि चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बहुधा मला ते म्हणता आलं. "मामा, तुमचा हात चांगला आहे हे मला त्याच संध्याकाळी ठाऊक होतं. ठाऊक असून तुम्हाला इतके दिवस भिऊ दिलं. चुकलो मी. मला माफ करा."