पारोसा टी-शर्ट

नवऱ्याने लेकीला साप घेऊन दिला तो २००५ च्या उन्हाळ्यात, आणि मला न विचारता. पार्सिपनीची नोकरी सोडून आम्ही नुकतेच मिनेसोटात, ईडन प्रेरीला आलो होतो. नऊ वर्षांच्या पोरीच्या सगळ्या मैत्रिणी मागे राहिल्या होत्या आणि ती दिवसदिवस गप्प असायची. अशा वेळी माणसं सायकल घेऊन देतात. यांनी कॉर्न स्नेक, म्हणजे पाळायचा बिनविषारी साप आणला. केशरी, पेन्सिलीएवढा जाड आणि आमच्याहून कितीतरी जास्त घाबरलेला. काचेच्या पेटीजवळ कुणी गेलं की शेपटी थरथरवत दडून बसायचा.

दुकानातल्या बाईंनी सांगितलं होतं, आठवडाभर हात लावू नका. मुलगी घालून झोपते तो टी-शर्ट न धुता आत ठेवा. तिच्या वासाची सवय झाली की भीती जाईल, खायलाही लागेल.

तसं काही होईना. आठवडा गेला, दुसराही संपत आला, पण साप तोंडात काही घेईना.

"खात नसेल तर परत देऊन टाकू यार," नवरा म्हणाला. "उपाशी मरेल तो."

"ही डझन्ट लाइक मी, मॉम," लेक म्हणाली. नव्या शेजारच्या मुलींबद्दलही ती असंच, याच आवाजात बोलायची.

सासूबाई तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांचा एक नियम होता. आंघोळीआधी चहासुद्धा नाही, आणि पारोशाने कुणी ओट्याला शिवायचं नाही. अमेरिकेत आल्या म्हणून त्यात तसूभर फरक पडला नव्हता.

एका दुपारी ड्रायर उघडला तर आत लेकीचा तो टी-शर्ट. मी तर कपडे लावलेच नव्हते! तशीच तिच्या खोलीत गेले. सासूबाई पेटीसमोर हात जोडून उभ्या होत्या. नमस्कार झाल्यावर त्यांनी चिमट्याने आतला टी-शर्ट उचलला, खालचा साप सैरावैरा पळाला, आणि त्यांनी छान घडी केलेला, धुतलेला दुसरा टी-शर्ट आत ठेवला. चिमटा माझा पोळ्यांचा.

"आई, हे काय करताय?"

"अगं, रोज बदलते. नागोबाला पारोसं कापड द्यायचं का? तुम्हाला सुचत नाही, म्हणून मीच करते."

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. रोज तुम्ही त्याच्या डोक्यावरचं पांघरूण ओढून नेता, तिचा वास त्याला कळणार कधी, आणि इकडे पोरीला वाटतंय की आपण त्याला आवडतच नाही.

शेवटचं वाक्य ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्या पलंगावर टेकल्या. "मला कुणी सांगितलंच नाही गं." तेही खरंच होतं. लेकीशी सापाबद्दलची सगळी बोलणी आम्ही इंग्रजीतच करत होतो. मला त्यांची फार दया आली.

त्या रात्रीपासून लेकीचा पारोसा टी-शर्ट आतच राहिला. सासूबाई पेटीची अशी राखण करायच्या की मला धूळसुद्धा पुसू देईनात. काही दिवसांनी साप खायला लागला. मग लेक रोज थोडा वेळ पेटीत हात ठेवून नुसती बसायची. तो लांबूनच बघायचा.

एका शनिवारी ती उठल्याउठल्या, तोंडही न धुता, पेटीपाशी जाऊन बसली. तळहात आत ठेवला. साप बाहेर आला, तिच्या बोटांपाशी जीभ लवलवत थांबला आणि सावकाश मनगटावर चढून तिथेच विसावला.

"आजी, बघ ना," ती कुजबुजली. "ओळखतो मला."

कितीतरी दिवसांनी ती आपणहून कुणाला काही सांगत होती. माझे डोळे भरून आले. मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि सवयीने मी म्हणाले, "चल, आता आधी आंघोळ."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "आज नको तिला आंघोळ."