भोकं पडलेली अळूची पानं

गेल्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी नऊ वाजता, आमच्या भोईवाड्यातल्या चाळीने मुरबाडहून अळू विकायला आलेल्या मावशींवर अन्याय केला. मावशींनी शेतात विषारी फवारा बंद करून शेणखतावर कंबरेएवढं अळू वाढवलं होतं. पानांना अळीने थोडी भोकं पाडली होती, एवढाच गुन्हा!

"वडीतून बेसन सांडेल गो," म्हणत बायका पुढे सरकल्या. सगळ्यांत पुढे माझी आई.

"असंच चाललं तर पुन्हा फवारा मारणार बघा," मावशी म्हणाल्या.

मी पुठ्ठ्यावर ‘अळीने खाल्लं, अळी जिवंत आहे’ असं लिहून त्यांच्या पाटीला टेकवलं. मग सगळ्यांत जास्त भोकांची जुडी घेऊन घरी स्वतः वड्या केल्या. पानावर पान ठेवलं की भोक बुजतंच. आईने चार वड्या खाल्ल्या आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, अख्ख्या पानांची वडी अशी होते!"

मी खरं सांगितलं.

"मेल्या, आधी बोलायचंस ना! जा, आणखी दोन जुड्या आण. पण जरा निवडून हां!"

तुम्ही निवडू नका. येत्या श्रावणी सोमवारी भोकांचीच जुडी उचला.