काट्यावर टेकवलेला पाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शिवानंदला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी सोलापूरच्या एका दैनिकात वृत्तसंपादक. सुटीच्या दिवशी बार्शीपलीकडच्या टेकडीवरून पॅराग्लायडिंग करायचो. शिवानंद माझ्याकडूनच शिकला. शिकाऊ ग्लायडर त्याला पुरेनासं झालं, तेव्हा माझं मधल्या श्रेणीचं, एकट्यानं उडायचं ग्लायडर मी त्याला देऊ केलं. ते खपलं की मी नवीन घेणार होतो. गरज नव्हती — हवं होतं.

आता थोडं तांत्रिक. की मी अजून टाळतोय? ग्लायडरचा आकार माणसाच्या उंचीवर नाही, उडतानाच्या एकूण वजनावर ठरतो — माणूस, सीट, हेल्मेट, खुद्द ग्लायडर, सगळं धरून. माझ्या ग्लायडरवर पंच्याऐंशी ते एकशे पाच किलो असं छापलेलं होतं. खाली वजन कमी पडलं तर कापड नीट ताणलं जात नाही. दुपारच्या उसळत्या हवेत त्याची कड दुमडते. शिकाऊ ग्लायडर दुमडलं तरी बहुधा स्वतःच सावरतं. मधल्या श्रेणीचं वेगासाठी लांब, निमुळतं केलेलं असतं. ते चूक सहज पोटात घालत नाही.

शिवानंद काटकुळा.

वजन त्याच्या वडिलांच्या अडत दुकानात केलं, पोत्यांच्या काट्यावर. सगळं अंगावर चढवून तो उभा राहिला. पाठीवरची पिशवी सावरायला मी मागे. आकडा अठ्ठ्याहत्तरवर थांबत होता — आणि मी उजवा पाय काट्याच्या पत्र्यावर टेकवला. दाबला.

"शिवाण्णा, पोतं एकदम जड झालं की!" हमाल हसला. "ज्वारी भिजली काय?"

"आईनं काल पोळ्या चारल्यात की रं." शिवानंद म्हणाला. मग मान न वळवता मला, "दादा, मापात बसलं बगा."

"बसलं," मी म्हणालो.

हिवाळ्याच्या शांत सकाळी काही झालं नाही. म्हणून मी विसरलो? नाही. प्रत्येक वेळी खाली उभा राहून वर बघत होतो — आणि गप्प होतो. उन्हाळा लागताच एका दुपारी उजवी बाजू दुमडली. तो खडकावर पडला. कंबर गेली, गुडघा गेला.

बातमी मीच लिहिली, चार ओळींची. वाऱ्याचा अंदाज न आल्याने पॅराग्लायडर कोसळला, असं. अंदाज कुणाला आला नाही, ते लिहिलं नाही. शिवानंदनं ते स्वतःवर घेतलं. 'माझंच चुकलं,' असं तो अजून सगळ्यांना सांगतो. माझ्यासमोरही.

आता तो फार वेळ उभा राहू शकत नाही. अडतीत काट्याजवळ खुर्ची टाकून बसतो, वजनं घेतो. परवा गेलो होतो. एक गिऱ्हाईक पोतं सावरत काट्याला खेटून उभं होतं.

"मालक, पाय काढा की," शिवानंद बसल्या जागेवरून म्हणाला. "वजन चुकतंय."

मग मला बघून हसला. "या दादा. बसा, चा सांगतो."

मी बसलो. चहा प्यायलो.